नववी पास इजो

माझं दुकान वह्या-पेन्सिलींचं. पण आमच्या बंदरात कोणाची नोकरी गेली हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं, कारण बायोडेटाचे छापील कागद अख्ख्या बाजारपेठेत फक्त माझ्याकडे मिळतात. माणूस आत येतो, उगाच खोडरबर दाबून बघतो, पेनच्या दोन नळ्या घेतो आणि जाता जाता आठवल्यासारखं म्हणतो, "हां, ते बायोडेटाचे कागदही द्या एक पाकीट. पुतण्याला हवेत." आमच्या गावात पुतणे फार. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ही सगळी मंडळी. चिझुरू ह्योदो तेवढी दारातूनच हाक मारायची, "मालक, कागद!" दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर आणखी मोठ्याने.

तिची गोष्ट सांगायला बसलोय खरा, पण सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करावी लागते.

आमच्या जपानी मोजणीने शोवा पन्नास, म्हणजे १९७५ सालचा मार्च महिना. मी पंचवीस वर्षांचा. वडिलांनी नुकतंच दुकान माझ्या हाती दिलेलं आणि मालकपणा अंगात मावत नव्हता. पंधरा वर्षांची एक मुलगी आली आणि तिने काउंटरवर हायस्कूलचा बिल्ला ठेवला. कॉलरला लावायचा, पितळी. आठच दिवसांपूर्वी माझ्याकडूनच नेलेला.

"हा परत घ्याल का? लावलेला नाहीये."

"विकलेला माल परत घेतला जात नाही," मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी वडिलांची होती. "आणि काय गं, हायस्कूल रद्द झालं की काय?"

"माझं झालं," ती म्हणाली. बिल्ला उचलला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेली.

आठ दिवसांत काय घडलं होतं ते फुसाएने, माझ्या बायकोने, संध्याकाळी सांगितलं. आमच्याकडे संत्र्यांचे डोंगर इतके उभे आहेत की वरून फळ खाली आणायला एका रुळावर चालणारी चिमुकली गाडी लागते. चिझुरूचा बाप त्या गाडीवरून पडला आणि त्याची कंबर कायमची गेली. आईला एकटीला डोंगर झेपणार नव्हता, दुसरं भावंड नव्हतं. आमच्याकडे हायस्कूल नववीनंतर सुरू होतं; त्याची प्रवेश परीक्षा पास झालेली पोर पाठीला टोपली बांधून डोंगर चढायला लागली.

"एक बिल्ला परत घेतला असतात तर काय दुकान बुडणार होतं?" फुसाए म्हणाली. फुसाए हायस्कूल पास आहे, पण ते ती फक्त भांडणात काढते. त्या दिवशी तिने ते काढलं नाही, म्हणजे ती खरंच चिडली होती.

तीन वर्षांनी चिझुरूचा बाप गेला, डोंगर काकाकडे गेला आणि ती पुन्हा माझ्या दुकानात आली. अठरा वर्षांची, तळहाताला घट्टे, कपाळ उन्हाने रापलेलं. बायोडेटाचा कागद आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता. शिक्षणाच्या रकान्यात तिच्याकडे लिहायला एकच ओळ होती: अमुक साली अमुक शाळेतून नववी पास.

"याच्यापुढे काय लिहायचं, मालक?"

"शेवटी 'इजो' लिही," मी हिशेबातून डोकं न काढता म्हणालो.

इथे मला मान खाली घालावी लागते. इजो म्हणजे 'एवढंच, संपलं'. आमच्याकडे बायोडेटाच्या प्रत्येक रकान्याच्या शेवटी तो लिहायचाच असतो, पण खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात, एकट्याने. तोच शब्द दुसऱ्या शब्दाच्या शेपटीला चिकटला की त्याचा अर्थ फिरतो; मग तो होतो 'किंवा त्याच्या वर'. नोकरीच्या जाहिरातींत तो असाच चिकटून बसलेला असतो: 'हायस्कूल पास इजो'. म्हणजे हायस्कूल किंवा त्याच्या वर, खालच्यांनी तसदी घेऊ नये. मी तिला 'शेवटी' म्हणालो आणि तिने सरळ ओळीच्या शेवटी लिहिलं. नववी पास इजो.

बंदरावरच्या एका कचेरीत ती तो कागद घेऊन गेली. तिथल्या कारकुनाने तो मोठ्याने वाचला. "नववी पास किंवा त्याच्या वर! वर म्हणजे किती वर गं पोरी? प्रोफेसर वगैरे आहेस की काय?" अख्खी खोली हसली. हे मला तिनेच सांगितलं, माझ्या काउंटरसमोर उभं राहून. कान लालबुंद झाले होते.

"आणखी एक पाकीट द्या," ती म्हणाली. "आणि या वेळी नीट सांगा."

मी पट्टी घेऊन बसलो आणि कोपरा मोजून दाखवला. त्यानंतर तिची कागदावर चूक झाली नाही. व्हाइटनर चालत नाही, शेवटच्या अक्षराला हात हलला तरी नवा कागद घ्यावा लागतो, त्यामुळे लिहून लिहून तिचं अक्षर असं झालं की आमच्या गावच्या मुख्याध्यापकांनी तिच्याकडून नववर्षाची शुभेच्छापत्रं लिहून घ्यावीत. पण चांगल्या अक्षरात लिहिलेली नववी ही शेवटी नववीच. कागद परत यायचे. सोबत छापील चिठ्ठी असायची, 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' ती म्हणायची, "एवढ्या शुभेच्छा तर नवरीलाही मिळत नसतील."

मग काम मिळायचं कसं? तर तिची एक रीत होती. ही रीत मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही, आणि शिकलेल्या माणसाला ती सुचायचीही नाही. सकाळी सहाला ती घरातून निघायची आणि संत्री निवडायची शेड, माशाच्या वड्यांचा कारखाना, जाळी विणायचं गोदाम, धोब्याचं दुकान, अशी एकेका दारात उभी राहायची. 'काम आहे का?' असं तिने कधी विचारलं नाही. विचारायची, "आज कोण आलं नाही?"

"काम आहे का विचारलं की समोरचा कागद मागतो," तिने मला एकदा समजावलं. "कोण आलं नाही विचारलं की हातमोजे देतो."

आणि रोज कुठे ना कुठे, कोणी ना कोणी आलेलं नसायचंच. कोणाचं मूल तापलेलं, कोणाची सासू दगावलेली. चिझुरू त्या बाईचे हातमोजे घालायची, तिच्या जागी उभी राहायची आणि दिवस संपेपर्यंत ते काम जमवायची. ती बाई परत आली की हातमोजे धुऊन तिच्या हाती द्यायची. एकीचीही जागा तिने कधी बळकावली नाही. बायकांना हे माहीत होतं, म्हणून आजारी पडलं की आधी चिझुरूला निरोप जायचा, मग मालकाला.

संत्र्यांच्या शेडमध्ये पुढे निवडायचं यंत्र आलं. हिने यंत्राच्या पुढे उभं राहून, गप्पा मारता मारता, यंत्राने पास केलेलं एखादं फळ बाजूला काढून ठेवावं. सोलून पाहावं तर आतून साल सुटलेली, फोडी सुकलेल्या. "हलकं लागतं हाताला," एवढंच म्हणायची. हायस्कूलच काय, त्याच्या पुढे शिकलेली माणसंही त्या शेडमध्ये होती. त्यांच्या हाताला कधी काही लागलं नाही.

पण हे सगळं हंगामी. संत्री संपली की शेड बंद. उन्हाळ्यात गावात काहीच नसायचं, तेव्हा ती बोटीने समुद्रापलीकडे बेप्पूला जायची आणि गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या खानावळींत तीन महिने गाद्या घालायची, ताटं वाहायची. आई इकडे एकटी. आणि ती चव्वेचाळीस वर्षांची असताना, अशाच एका उन्हाळ्यात, आई न्हाणीघरात घसरून पडली. सकाळी पडली ती संध्याकाळी शेजारणीला दिसली. हाड मोडलं नाही, पण म्हातारी दिवसभर ओल्या फरशीवर पडून होती. चिझुरू पुढच्याच बोटीने परत आली. मला म्हणाली, "मालक, आता पलीकडे जाणं बंद. मला गावातच काम हवं, बाराही महिन्यांचं. आणि तेही लवकर."

हे तिला एकोणतीस वर्षांत मिळालं नव्हतं.

जानेवारीत मला पालिकेच्या पत्रकात जाहिरात दिसली. शाळांच्या जेवणाचं मोठं स्वयंपाकघर, एक जागा, कायमची. वय एक एप्रिलला पंचेचाळीसच्या आत. आणि शिक्षण: नववी पास इजो. मी ते तीनदा वाचलं. मे महिन्यात चिझुरूला पंचेचाळीस पूर्ण होणार होती, म्हणजे पुढच्या वर्षी हे दारही बंद. मी कात्रण कापून ठेवलं आणि ती आली तेव्हा तिच्यासमोर आपटलं.

"बघ. तुझी नववी चालते."

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. "शंभर जण येतील याला."

"येणारच. म्हणून सांगतो, हायस्कूल पास लिही. तपासायला कोण जातंय? बिल्लासुद्धा आहे तुझ्याकडे."

"बिल्ला तुम्ही परत घेतला नाहीत म्हणून आहे," ती म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं असावं. "खोटं लिहून आत गेले ना मालक, तर रोज सकाळी तो कागद आठवेल आणि माझा भात करपेल. पोरांनी करपलेला भात का खायचा?" आणि काउंटरवर कोपर टेकवून तिने विचारलं, "तुम्ही काय लिहिलं असतं?"

"मला कधी भरावाच लागला नाही बायोडेटा," मी म्हणालो. हे खरं होतं. पण अर्धंच.

उरलेलं अर्धं इथे सांगून टाकतो. मीही नववी पास. दुकानात माणूस हवा म्हणून वडिलांनी पुढे पाठवलंच नाही. पण हायस्कूलच्या वह्या मी विकायचो, बिल्ले मी विकायचो, त्यामुळे सगळ्या गावाने मला हायस्कूलात घालून टाकलं आणि मी कोणाला बाहेर काढू दिलं नाही. एकदा तर माजी विद्यार्थ्यांच्या जेवणाचं बोलावणं आलं आणि मी जाऊन जेवून आलो. शाळेचं गीत चालू असताना नुसते ओठ हलवले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे फक्त फुसाएला माहीत होतं.

चिझुरूने पाकीट नेलं, कागद भरून आणला, फोटो माझ्याच गोंदाने चिकटवला. मी झेरॉक्स काढून दिली. तिने मूळ कागद पाकिटात घातला, तिकीट लावलं आणि माझ्या दारासमोरच्या लाल पेटीत टाकला. जेवण झाल्यावर पाहतो तर मशीनमध्ये एक प्रत जास्तीची निघालेली. चष्मा लावला, तिचं अक्षर बघावं म्हणून. शिक्षणाच्या रकान्याशी आलो. नववी पास इजो. त्याच ओळीत, मध्ये तसूभरही जागा न सोडता.

म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीची तीच चूक, आणि आयुष्यातल्या शेवटच्या संधीला! तिने कागद पोस्टात टाकण्याआधी मी तपासायला हवा होता. मी चपला घातल्या आणि पेटीला पाठ लावून उभा राहिलो. तीन वाजता पोस्टमन निनोमिया आला.

"निनोमिया, त्यातलं एक पाकीट मला दे."

"तुम्ही टाकलंय?"

"नाही. पण त्यावरचं तिकीट मीच विकलंय!"

"तिकीट विकलंत ना? पेटी नाही विकली," निनोमिया म्हणाला आणि पेटी रिकामी करून, शीळ घालत निघून गेला.

मी तसाच वड्यांच्या कारखान्यात. त्या आठवड्यात तिथलं कोणीतरी आलेलं नव्हतं आणि चिझुरू तेलाच्या कढईपाशी उभी होती. मी धापा टाकत प्रत तिच्या नाकासमोर धरली. "चूक झाली! इजो ओळीत लिहिलायस!"

तिने झाऱ्याने वड्या उलटल्या. "चूक अठराव्या वर्षी झाली होती, मालक. आता लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम लिहिलंय."

माझं डोकंच सणकलं. "हात दाखवून अवलक्षण! शंभर कागदांतला एक बाजूला टाकायला त्यांना निमित्त हवं असतं, आणि तू ते आपल्या हाताने देतेस? आईचा तरी विचार करायचास!"

शेवटचं बोलायला नको होतं. तिचा चेहरा क्षणभर पडला. मग तिने एक वडी कागदात गुंडाळून माझ्या हातात कोंबली. "खा. तोंड भाजेल, तेवढा वेळ तरी ओरडणार नाही." आणि कढईकडे वळून म्हणाली, "त्या कोपऱ्यात 'एवढंच' लिहून लिहून कंटाळले हो मी. बेप्पूला जाणार नाही म्हटलं ना, तसंच हेही."

मुलाखत अकरा दिवसांनी झाली. तिथून ती थेट दुकानात आली, एकुलता एक काळा कोट घालून, आणि बाकावर बसली. फुसाए चहा ठेवायचं विसरून दारात उभी राहिली.

"तिघं होते," चिझुरू सांगू लागली. "मधले शिक्षण खात्याचे साहेब. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, ह्योदोबाई, इजो ओळीतच लिहिलात तुम्ही. हे 'नववी पास किंवा त्याच्या वर' असं वाचलं जातंय. वर म्हणजे किती वर?"

"तोच प्रश्न!" मी कपाळावर हात मारला.

"अगदी तोच. शेजारचा हसला पण. मी हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हटलं, एकोणतीस वर्षं वर, साहेब."

फुसाएने तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावला.

"मग?" मी विचारलं.

"मग कोणी हसलं नाही. तिसऱ्या होत्या त्या स्वयंपाकघराच्या मुख्य, इमाओकाबाई. काडीसारख्या बारीक, आवाज मात्र तोफेसारखा. त्या म्हणाल्या, त्या एकोणतीस वर्षांत काय केलंत? मी म्हटलं, जिथे कोणी आलेलं नसायचं तिथे मी गेले. तर त्या म्हणतात, माझ्याकडे तर रोज सकाळी कोणी ना कोणी आलेलं नसतं!" चिझुरू हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. "पण मालक, बाहेर बाकांवर चाळीस जण होते. निम्म्या पोरी विशीतल्या. सगळ्या हायस्कूलवाल्या."

पुढचा आठवडा मी दुकान चालवलं असं म्हणायचं फक्त. नकाराचं पाकीट पातळ असतं, एका चिठ्ठीचं. होकाराचं जाड, कारण त्यात भरायचे फॉर्म असतात. हे सगळ्या बंदराला माहीत आहे. सोमवारी निनोमिया माझं टपाल टाकायला आला आणि उगाचच रेंगाळला. पोस्टमनने दुसऱ्याच्या टपालाबद्दल बोलायचं नसतं आणि तो नियमाचा पक्का.

"आज बॅग बरीच जड होती," तो आढ्याकडे बघत म्हणाला. "ह्योदोंच्या चढावर दमलो. पण उतरताना एकदम हलकी झाली बघा."

मी त्याला नवं कोरं पेन दिलं. तो घेत नव्हता, तर खिशात खुपसलं.

दुपारी चिझुरू आली. दारातून हाक नाही, काही नाही. काउंटरपाशी आली आणि पाकिटातले उरलेले तीन कोरे कागद माझ्यासमोर ठेवले.

"हे परत घ्याल का? आता लागायचे नाहीत."

पाटी तिथेच होती, माझ्या डोक्यावर. चिझुरूने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर खट्याळ हसू, दोन्ही एकदम. मी कागद दोन्ही हातांनी घेतले. "पाटी वडिलांची होती," मी म्हणालो. तीस वर्षांत कोणाकडून माल परत घेतला तो हाच.

मग काय झालं मला कोण जाणे. त्या तीन कागदांतला एक मी पुढे ओढला, पेन उघडलं आणि लिहायला लागलो. नाव, जन्मसाल, पत्ता. शिक्षणाच्या रकान्यात गावच्या शाळेचं नाव, साल आणि पुढे, नववी पास. पेन थांबलं. मी कागद फिरवून तिच्याकडे सरकवला.

चिझुरूने वाचलं. बराच वेळ वाचत होती, एवढी एकच ओळ.

"आणि मला हायस्कूल पास लिही म्हणत होता," ती हळूच म्हणाली.

"म्हणत होतो."

"ते माजी विद्यार्थ्यांचं जेवण?"

"मासे छान होते."

ती हसली नाही. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि तिने काहीही बोलावं, मला ते घ्यावं लागणार होतं. पण तिने नुसती मान हलवली आणि पेन माझ्या बाजूला ढकललं.

"इजो कुठे लिहू?" मी विचारलं. "खाली कोपऱ्यात, की ओळीत?"

"खाली लिहा खाली!" फुसाए आतून ओरडली. "एकोणचाळीस वर्षं एकाच खुर्चीत बसलाय, वर कुठे गेलाय माणूस?"

चिझुरूने क्षणभर विचार केला. तिने पट्टी उचलली, सव्वीस वर्षांपूर्वी मी कोपरा मोजला होता तीच लाकडी पट्टी, आणि शब्दाच्या शेजारी टेकवली.

"ओळीत लिहा, मालक," ती म्हणाली. "जागा सोडू नका."

मी लिहिलं. अक्षर काही तिच्याइतकं चांगलं आलं नाही.